आ कर

माझ्या बापाच्या तोंडात पहिल्यांदा कुणी बोट घातलं, तेव्हा बाप पन्नास वर्षांचा होता. साल १९८४. ठिकाण नागपूरचा मोठा सरकारी दवाखाना. बोट घालणारा एक कोवळा डॉक्टर होता, नुकती मिशी फुटलेला. त्याने बापाच्या डाव्या गालात तर्जनी घातली, बाहेरून अंगठा लावला आणि गाल चिमटीत धरून पाहिला. बाजारात आपण वांगं दाबून पाहतो तसा. मग दोन्ही हातांनी मान चाचपली. जबड्याखाली, कानाखाली, तिथून गळ्याच्या बाजूने हासळीच्या हाडापर्यंत. बापाचे डोळे भरून आले. मला वाटलं, दुखलं असेल. बाहेर आल्यावर मी विचारलं. बाप म्हणाला, "दुखलं नाही रे. त्यानं हात लावला."

हे वाचून कुणाला वाटेल, यात काय मोठं? सांगतो.

त्याच्या आधी सात महिने आम्ही फिरत होतो. एका ठिकाणी टेबलाच्या पलीकडून डॉक्टर म्हणाला, "आ कर." बापाने आ केला. डॉक्टरने बसल्या जागेवरून बॅटरी मारली. एक क्षण. मग चिठ्ठीवर काहीतरी खरडलं. तोंडात लावायला जांभळं औषध आणि ताकदीच्या गोळ्या. दुसऱ्या ठिकाणी तेवढंही नाही. तिथं नाकाला रुमाल लावून विचारलं, "तंबाखू खातो ना? मग भोग." बाप त्याच्या बापाच्या वयाचा होता. 'आ करा' म्हणायला एक काना जास्त लागतो. तेवढा खर्च कुणी केला नाही.

जातीमुळे हात लावला नाही की वासामुळे, की दारात शंभर माणसं उभी होती म्हणून, हे मला सिद्ध करता येणार नाही. पण एवढं खरं की त्या सात महिन्यांत माझ्या बापाच्या तोंडाला कुणाचं बोट लागलं नाही. आणि तोंडाचा रोग बोटाने कळतो. डोळ्याला चट्टा दिसतो, पण बुड किती खोल गेलं आहे ते बोटालाच कळतं. साध्या छाल्याखालचं मांस मऊ असतं. कॅन्सरच्या जखमेचे काठ आणि बुड कडक लागतात, वाळल्या चामड्यासारखे. हे कळायला यंत्र लागत नाही, लाईट लागत नाही. बोट लागतं, आणि ते घालायची तयारी लागते.

मधल्या काळात आम्ही आमच्या अकलेनेही घोळ घातला. बापाचा डावा कान ठणकायचा. माय महिनाभर कानात लसणाचं तेल टाकत राहिली. कानात काहीच नव्हतं. तोंडातलं आणि घशातलं दुखणं एकाच नसेच्या वाटेने कानात येतं, हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं. मग दाढ हलायला लागली. बाजारात बसणाऱ्या दात काढणाऱ्याने ती उपटली. जागा भरलीच नाही. उलट तिथून कोंब यावा तसं मांस वर आलं. दाढेचा दोष नव्हता. दाढेखालचं हाड सडत होतं.

माझा बाप बांबू तोडायचा. आमचं गाव मूलकडचं, चांदा जिल्ह्यातलं. तेव्हा गडचिरोली वेगळी झाली नव्हती, ती झाली २६ ऑगस्ट १९८२ ला. बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी जंगलात बांबूची तोड चाले. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत रोवणी, आणि उरलेलं वर्ष बांबू. पहाटे शिळा भात पेजेत कालवून खायचा आणि निघायचं ते दिवस मावळायला परत. मधल्या वेळची भूक तंबाखू मारते. हे व्यसन नाही, हे जेवण होतं. मुकादम शिदोरीची चौकशी करत नसे, पण चुन्याची डबी पुढे करायचा. बाप डाव्या हातावर मळायचा, तीनदा थापटायचा आणि डाव्या गालात खालच्या दाढेशी ठेवायचा. तीस वर्षं तीच जागा. रोग बरोबर त्याच जागी उगवला. विड्या-सिगारेटी ओढणाऱ्या आणि दारू पिणाऱ्या परदेशातल्या माणसांत तोंडाचा कॅन्सर जास्त करून जिभेला आणि जिभेखाली होतो. आपल्याकडे गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत. कारण आपण तंबाखू तिथं ठेवतो. सबंध रात्र ठेवून झोपणारेही आहेत. मोठमोठ्या पुस्तकांत या जागेच्या कॅन्सरला 'भारतीय' कॅन्सर म्हटलं आहे. आपलं नाव लागलं ते असं.

बापाने दारूचा थेंब कधी घेतला नाही. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली, नागपूरनंतर दोनच दिवसांनी. त्या गर्दीत माझा बाप होता. बावीस वर्षांचा पोट्टा, गावच्या लोकांसोबत पायी गेलेला. बावीस प्रतिज्ञा घेतल्या. दारू पिणार नाही ही त्यातली एक. ती त्याने मरेपर्यंत पाळली. गावात आमचा महारपुरा दारूत बुडाला होता तेव्हाही पाळली. पण मी तंबाखूवरून बोललो की तो हसायचा.

"बाबासायबानं दारू सोडाले सांगतली. तंबाखू कुठी सांगतली?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आज आहे. पण ऐकायला तो नाही.

नागपूरच्या त्या डॉक्टरने गालातला हरभऱ्याएवढा तुकडा काढायचा म्हटलं, तेव्हा वॉर्डातल्या चार जणांनी आम्हाला बाजूला घेतलं. "तुकडा नोको काढू देऊ. लोखंड लागलं का पसरते." आम्ही घाबरून एक दिवस पळालो, धर्मशाळेत जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो. डॉक्टर रागावला नाही. म्हणाला, "तुकडा काढल्याने पसरत नाही. तुकडा न काढता वाट पाहिली की पसरतो." दोस्तहो, हे वाक्य मी पुढची चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कोणता रोग आहे हे ठरत नाही, आणि ठरल्याशिवाय इलाज नाही.

निकाल आला. डॉक्टरने केसपेपरच्या पाठीमागे गालाचं चित्र काढून मला दाखवलं. इथं सुरू झालं, इथं हाडात गेलं, या मानेतल्या गाठी. लवकर आला असता तर गालाचा तुकडा, जबड्याचं हाड आणि मानेतल्या गाठी एकदम काढल्या असत्या. या ऑपरेशनला डॉक्टर लोक 'कमांडो' म्हणतात. मानेतल्या गाठी सगळ्या सोबत काढायची रीत जुनी आहे, अमेरिकेतल्या जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये ती सांगितली. छातीवरचं मांस-कातडं देठासकट वर फिरवून गालाला ठिगळ लावायची रीत एरियन यांनी १९७९ मध्ये मांडली. म्हणजे माझा बाप आजारी पडला तेव्हा जगाला हे सगळं येत होतं. फक्त ते ज्ञान मूलपर्यंत यायला सात महिने उशीर झाला.

बापाला शेक दिला. त्याआधी उरलेले खराब दात काढावे लागतात, नाहीतर शेकलेल्या जबड्याची जखम भरत नाही. आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे. थुंकी सुकली. जिभेची चव गेली. भात तोंडात रेतीसारखा फिरायचा. गाठ थोडी बसली, मग पुन्हा उठली, आणि १९८५ च्या जानेवारीत गालाला भोक पडलं.

बाप आमच्या विहारात वंदना सांगायचा. आवाज खडा. त्याने सुरू केलं की बाया मागून म्हणायच्या. गालाला भोक पडल्यावर त्याला 'ब' म्हणता येईना. 'ब' म्हणायला ओठ मिटून तोंडात हवा कोंडावी लागते. त्याची हवा गालातून निघून जायची. एका पौर्णिमेला तो नेहमीच्या जागी बसला. फडकं गालावर दाबून धरलं आणि 'बुद्ध' म्हणायचा प्रयत्न केला. 'हुद्ध' निघालं. पुन्हा केला. पुन्हा तेच. मग तो उठून गेला आणि परत विहारात आला नाही. आमच्याच लोकांनी जागा सोडून बसायला सुरुवात केली होती, हेही लिहितो. वास होता. जखमेत किडे पडले होते. टर्पेंटाईनचा बोळा धरून मी ते चिमट्याने काढायचो. शेवटचे दोन महिने त्याची खाट गोठ्यात होती. ज्यांना गावाने शिवलं नाही त्यांनी आपल्या माणसाला शिवलं नाही. उन्हाळ्यात तो गेला.

लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून भामरागडकडे हेमलकशाला आहे. तिथं डॉ. प्रकाश आमटे यांनी अस्वलाने फाडलेले चेहरे शिवले, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. अस्वल माणसाच्या तोंडावरच येतं. अस्वलाने फाडलेल्या माणसाला लोक खाटेवर घालून कोसन् कोस नेतात, आणि नेलंच पाहिजे. पण तंबाखूने फाडलेल्या माणसाला कुणी खाट देत नाही. त्याने स्वतः केलं म्हणतात. भुकेच्या वेळी चुन्याची डबी कुणी पुढे केली ते विचारत नाहीत.

१९८७ ला मला नोकरी लागली. आरोग्य सेवक. गडचिरोली जिल्हा, धानोरा, मग एटापल्ली. काम मलेरियाचं. तापाच्या माणसाचं बोट टोचायचं, काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, वहीत नाव लिहायचं. तेहतीस वर्षं मी लोकांची बोटं टोचली. हजारो बोटं. प्रत्येक जण माझ्यासमोर बसून बोलत होता, म्हणजे तोंड उघडत होता. पण मी कधी म्हटलं नाही, आ करा. ते माझ्या वहीच्या रकान्यात नव्हतं. ज्या मुलाने बापाच्या गालातले किडे काढले, त्याने पुढे लोकांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. दुसऱ्याचे दोष मोजताना हा माझा दोष मी वर लिहून ठेवतो.

एकदा मात्र मानेकडे पाहावं लागलं. एटापल्लीच्या आतल्या भागातली माडिया बाई. पंचविशीची असेल. गळ्याच्या उजव्या बाजूला गाठींची माळ, एक फुटून वाहत होती. गाठीवर बिब्ब्याचे डाग. पुजाऱ्याने बकरं घेतलं होतं. मला मराठीशिवाय काही येत नव्हतं आणि तिला मराठी येत नव्हतं. आश्रमशाळेतला एक पोरगा मधे बसून बोलला. मला वाटलं, झालं, बापाचीच गत. पण तालुक्याच्या डॉक्टरने गाठी चाचपल्या. एकमेकींना चिकटलेल्या होत्या, दगडासारख्या कडक नव्हत्या. रात्री ताप, वजन उतरलेलं. बारीक सुईने गाठीतलं पाणी ओढून तपासलं. टीबी निघाला. आपण ज्याला गंडमाळ म्हणतो तीच. सहा महिने गोळ्या, आणि बाई धडधाकट झाली. गळ्यावर वण राहिले, त्यातले निम्मे बिब्ब्याचे.

त्या दिवशी मला कळलं की गाठ बघून माणूस अर्धा मरतो तो न कळण्याने. गळ्याची प्रत्येक गाठ मरणाची नसते. गिळताना वर सरकते ती पुढची गाठ थायरॉईडची. दात किडला, घसा सुजला तर जबड्याखाली दुखरी गाठ येते आणि आठ-पंधरा दिवसांत बसते. चिकटलेल्या, वाहणाऱ्या गाठी बहुधा टीबीच्या. पण तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या मानेत न दुखणारी, कडक, वाढत जाणारी गाठ आली तर आधी तोंड आणि घसा पाहा. मूळ तिथं असतं. आणि न दुखणं हीच तिची लबाडी. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो.

आता माझ्या तोंडाबद्दल. बापाला जाळून आल्यावर मी शपथ घेतली होती की तंबाखूला हात लावणार नाही. पाळली, सहा वर्षं. मग खर्रा आला. खर्रा म्हणजे तंबाखू नाही अशी माझी समजूत मीच करून घेतली. सुपारीचा भुरका, चुना, वर थोडीशी तंबाखू. पन्नीत टाकून पानठेल्यावर घोटून देतात. साहेबही खातो, शिपाईही खातो, एकाच पन्नीतला खातात. मला ते आवडलं. कार्यालयात माझा कप वेगळा ठेवणारा बाबू माझ्या पन्नीतला खर्रा बिनदिक्कत उचलायचा. खर्ऱ्यात विटाळ नव्हता. समतेचा एवढा स्वस्त अनुभव मला दुसरीकडे मिळाला नाही. त्याची किंमत मागून कळली.

२००८ ची गोष्ट. जेवताना ठेचा झोंबायला लागला. मग साधं वरणही. मग बायको म्हणाली, "तुमी घास लहान काहून करता?" मला पत्ताच नव्हता. तालुक्याला दाताचं शिबिर होतं, तिथं मी कर्मचारी म्हणून खुर्च्या लावायला गेलो. एक तरुण डॉक्टरीण होती. गर्दी कमी झाल्यावर तिने मलाच बसवलं.

"आ करा, काका."

केला. ती म्हणाली, "अजून." अजून होत नव्हता.

"तीन बोटं उभी घाला."

चांगल्या माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं एकावर एक उभी जातात. माझी दीड गेली. मग म्हणाली, शिट्टी वाजवा. वाजेना. गाल फुगवा. फुगेनात. तिने हातमोजा घालून गालात बोट फिरवलं आणि माझं बोट धरून मलाही फिरवायला लावलं. आत वाद्या होत्या. बैलाच्या जुवाला असतात तशा कडक. आरशात दाखवलं, आतला गाल फरशीसारखा पांढरा पडलेला.

हा रोग सुपारीचा. १९५२ मध्ये श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांत तो पाहून लिहिला. १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशींनी आपल्याकडच्या रोग्यांवर लिहिलं. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत होतं. सुपारीतल्या रसायनाने गालाच्या आत चिवट धागे वाढतात आणि मोडत नाहीत. तोंड हळूहळू कुलूप लागल्यासारखं मिटत जातं. शंभरातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये स्पष्टच म्हटलं की तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कॅन्सर करते. माझी समजूत तिथं संपली.

इलाज? गेलेलं परत येत नाही, हे तिने तोंडावर सांगितलं. पण सुपारी बंद केली तर पुढचं थांबू शकतं. गालात सुया दिल्या. कुल्फीच्या काड्यांसारख्या चपट्या काड्या दातांत धरायच्या, दर आठवड्याला एक वाढवायची. माझी दीडची दोन बोटं झाली. तिसरं आजही जात नाही. मी बोलतो तेव्हा लोकांना वाटतं हा माणूस दात-ओठ खाऊन बोलतो.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त लिहून ठेवलं आहे की पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडकं बांधावं लागे, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. आपण ते मडकं फोडलं. सभेत, कवितेत शंभरदा फोडलं. आणि आज आमच्या मोहल्ल्यात जा. पंधरा वर्षांचा पोट्टा गालात खर्रा धरून उभा आहे, बोलत नाही, कारण बोललं तर रस सांडेल. हातात पन्नी. जयंतीच्या मिरवणुकीत तोंडात खर्रा धरून घोषणा देता येत नाही, म्हणून डीजे लावतात. मडकं गळ्यातून काढलं आणि गालात बांधलं, तेही स्वतःच्या पैशाने. दिवसाचे चार खर्रे म्हणजे घरातल्या डाळीचे पैसे. बाया मागे नाहीत, त्यांची गुडाखू, त्यांची नस. तान्ह्या लेकराची माय सकाळी आधी गुडाखू घासते, मग चूल पेटवते.

कायदा आहे. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी आणली. पुढच्या वर्षी सुगंधित तंबाखू, सुपारी, खर्रा, मावा हेही बंदीत आले. २०१६ पासून गडचिरोली जिल्ह्यात 'मुक्तिपथ' अभियान गावोगाव फिरलं. तरी पानठेला चालू आहे. आणि पानठेला कुणाचा? आमच्याच पोराचा. बी. ए. झालेला, भरतीत तीनदा धावलेला. त्याला मी काय सांगू? त्याच्या ठेल्यावर बाबासाहेबांचा फोटो आहे. तो फोटोला उदबत्ती लावतो आणि घोटायला बसतो. त्याला नोकरी द्या म्हणणारा मोर्चा मी काढीन. पण मोर्चा निघेपर्यंत लोकांची तोंडं मिटत जातील, हेही मला दिसतं.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ ला एक काम सुरू झालं. तेरा पंचायती घेतल्या. सातांत घरोघर जाऊन तोंडं तपासली, सहांत नाही. तपासणारे डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेली साधी पदवीधर माणसं होती. डोळे, उजेड आणि बोट, एवढंच साधन. २००५ मध्ये निकाल छापून आला. तंबाखू-दारू घेणाऱ्या लोकांत, जिथं तपासलं तिथं तोंडाच्या कॅन्सरने मरणारे ३४ टक्क्यांनी कमी झाले. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने २०१५ मध्ये दाखवलं की रोग लहान असतानाच तोंडाच्या ऑपरेशनसोबत मानेतल्या गाठीही काढल्या तर तीन वर्षांनी शंभरात ८० जगतात. मान तशीच ठेवून गाठ दिसल्यावर काढली तर ६७-६८. म्हणजे लवकर पाहणं आणि मान न विसरणं, याने माणसं वाचतात. हे वाचलं तेव्हा मी बापाचं वय मोजलं.

२०२० ला मी रिटायर झालो. आता सरकारनेही तीस वर्षांवरच्यांची तोंडं तपासायचं काम आशाताईंना आणि उपकेंद्राला लावून दिलं आहे. पण त्यांच्या अंगावर आधीच पन्नास कामं. म्हणून पौर्णिमेला विहारात वंदना झाली की मी बॅटरी घेऊन बसतो. उपकेंद्राची नर्सताई सोबत असते. आधी चूळ भरायला लावायची. ओठ उलटून पाहायचे, दोन्ही गाल, हिरड्यांच्या खाचा, जीभ बाहेर, जीभ उजवीकडे, डावीकडे, जीभ वर, टाळू. मग मान. पांढरा चट्टा पुसून निघतो का? निघत नसेल तर लिहायचं. लाल मखमली चट्टा असेल तर जास्त जपायचं, तो पांढऱ्यापेक्षा वाईट. तीन आठवडे न भरलेला छाला, तीन आठवडे बसलेला आवाज, उगाच हलणारा दात, कारण नसताना ठणकणारा कान, मानेतली कडक गाठ. यातलं एकही दिसलं की पुढे पाठवायचं. रोग ठरवणं माझं काम नाही. हात लावणं माझं काम आहे. हातमोजा घालून लावतो, पण लावतो. आणि पोट्ट्यालाही 'आ करा' म्हणतो. पोट्टे हसतात. हसू द्या.

या आषाढी पौर्णिमेला एकेचाळीस तोंडं पाहिली. सात जणांची दोनच बोटं गेली, त्यातला एक बारावीचा. पानठेलेवाला पोरगाही रांगेत आला, त्याची अडीच. एका माणसाच्या डाव्या गालात, खालच्या दाढेशी, रुपयाएवढी जखम. मी बोट घातलं. बुड कडक होतं. मान चाचपली, अजून काही नव्हतं. वय अठ्ठेचाळीस. त्याला बाजूला घेतलं आणि लपवलं नाही.

तो म्हणाला, "दुखत तं नाही जी. रोवणी आटोपली का जातो."

"रोवणी आटोपेपर्यंत ते हाडात जाईल, भाऊ."

"बांधी पडीक ठेवू का मंग? पऱ्हे वाढून गेले."

हे त्याचं बोलणं खोटं नाही. माझ्या बापानेही असंच म्हटलं असेल, तेव्हा बांबू होता. मी नर्सताईला चिठ्ठी लिहायला लावली, आणि माझ्या पोराला फोन केला. परवापासून दोन दिवस मी, पोरगा आणि सून त्याच्या बांधीत रोवणार. पासष्टीला आलेली पाठ आहे, किती वाकेल ते बघू. पण त्याआधी उद्या सकाळी सहाची यष्टी. मी त्याच्यासोबत जातो आहे.

निघताना त्याने विचारलं, "तुकडा काढन काजी डाक्टर?"

म्हटलं, "काढेल. म्हणूनच जायचं."